आपल्याच हाताने लिहिलेला दाखला

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ नावाचा एक रकाना असतो. त्या रकान्यात बहुतेक मुख्याध्यापक वर्षानुवर्षे एकच शब्द लिहीत आले आहेत : ‘चांगली’. ज्याने आठवीत असताना वर्गाच्या खिडकीची काच फोडली, ज्याने फळ्यावर गुरुजींचे व्यंगचित्र काढले, ज्याने वडिलांची खोटी सही करून प्रगतिपुस्तक परत आणले, त्यांच्याही दाखल्यावर हाच शब्द आढळतो. हा मुख्याध्यापकांचा आळस आहे असे कोणी म्हणेल. परंतु त्यात एक जुने शहाणपणही आहे. तेराव्या वर्षीचा खोडसाळपणा तेविसाव्या वर्षीच्या नोकरीच्या आड येऊ नये, अशी समाजाची एक अलिखित रीत होती. पुढे नोकरीसाठी अर्ज करताना त्या मुलाला गावातील दोन प्रतिष्ठित गृहस्थांचे चारित्र्याचे दाखले जोडावे लागत. ते गृहस्थ मुलाला ओळखत, त्याच्या घराला ओळखत, आणि काय लिहावे व काय लिहू नये हेही त्यांना कळत असे.

आजच्या तरुणाचा मात्र आणखी एक दाखला तयार होत असतो. तो शाळा देत नाही, गावचे गृहस्थही देत नाहीत. तो तरुण स्वतःच, आपल्या हातातील मोबाइलवर, रोज थोडाथोडा लिहीत असतो. सहलीत काय खाल्ले व काय प्यायले, परीक्षेत कशी फसवाफसवी केली, साहेब किती मूर्ख आहे, शेजारच्या जातीचे लोक कसे असतात, डॉक्टरांनी कोणते औषध दिले, लग्न कशामुळे मोडले, हे सारे तो समाजमाध्यमांच्या पानांवर मांडतो. लिहिताना आपण दाखला लिहीत आहोत याची त्याला कल्पना नसते. ती कल्पना येते तेव्हा तो दुसऱ्याच कोणाच्या तरी टेबलावर वाचला जात असतो.

ही माध्यमे आता काही नवलाईची राहिलेली नाहीत. ऑर्कुट आणि फेसबुक ही दोन्ही २००४ साली सुरू झाली. ट्विटर २००६ साली आणि इन्स्टाग्राम २०१० साली आले. ऑर्कुट २०१४ च्या सप्टेंबरअखेर बंद पडले आणि ट्विटरचे नाव २०२३ मध्ये ‘एक्स’ झाले. म्हणजे ज्यांनी महाविद्यालयाच्या आवारात पहिल्यांदा आपले छायाचित्र जगापुढे ठेवले, ते तरुण आज चाळिशीच्या आसपास आहेत. कोणी शाखाधिकारी होण्याच्या बेतात आहे, कोणी मुख्याध्यापकपदासाठी अर्ज करीत आहे. वीस वर्षांपूर्वीचा विनोद वीस वर्षांनंतरच्या मुलाखतीला हजर राहू शकतो, हा अनुभव मानवजातीच्या इतिहासात या पिढीपूर्वी कोणाला आलेला नव्हता.

नोकरी देणारा खरोखरच हे सारे पाहतो काय? अमेरिकेत करिअरबिल्डर या नोकरीविषयक संस्थेने २०१८ साली केलेल्या पाहणीत शंभरापैकी सत्तर मालकांनी आपण उमेदवारांची समाजमाध्यमे चाळतो असे सांगितले, आणि निम्म्याहून अधिक मालकांनी तेथे आढळलेल्या मजकुरामुळे आपण एखाद्याला नाकारले आहे असेही कबूल केले. ही पाहणी त्या देशाची असली, तरी पुणे, बंगळूर, हैदराबाद येथील मोठमोठ्या कचेऱ्यांतून याच देशांच्या कंपन्यांचे काम चालते आणि माणसे निवडण्याच्या त्यांच्या पद्धतीही तेथूनच येतात. उमेदवाराची पूर्वपीठिका तपासून देणे हा आता आपल्याकडेही एक रीतसर धंदा झाला आहे. पदवी खरी आहे काय, पूर्वीची नोकरी खरी आहे काय, पत्ता बरोबर आहे काय, या प्रश्नांच्या जोडीला समाजमाध्यमांवरील वर्तन हाही एक रकाना काही ठिकाणी येऊन बसला आहे. शिवाय धंदेवाईक तपासणी बाजूलाच ठेवली, तरी मुलाखतीच्या आदल्या रात्री उमेदवाराचे नाव शोधयंत्रात टाकून पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. (नावे सारखी असण्याचा घोटाळा येथे हमखास होतो. बेळगावात संतोष पाटील आणि मडगावात मारिया फर्नांडिस एकच असतील असे मानणे धाडसाचे आहे. एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी बसण्याचा संभव मोठा.)

या संदर्भात अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातील एक खटला शिक्षकवर्गाने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००६ सालची गोष्ट. एक तरुणी शिक्षिका होण्यासाठी विद्यापीठात शिकत होती आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एका माध्यमिक शाळेत अध्यापनाचा सराव करीत होती. तिने मायस्पेस या त्या वेळच्या लोकप्रिय माध्यमावर आपले एक छायाचित्र ठेवले. डोक्यावर चाच्याची टोपी, हातात प्लास्टिकचा पेला, आणि खाली ‘मद्यधुंद चाची’ अशा अर्थाचे दोन शब्द. पेल्यात काय होते ते छायाचित्रात दिसत नव्हते. त्याच पानावर शाळेतील मार्गदर्शक शिक्षिकेविषयीची नाराजी सूचित करणारा मजकूरही होता. शाळेच्या हे ध्यानात आले आणि पदवीदान समारंभ तोंडावर आला असताना तिला शिक्षणशास्त्राची पदवी नाकारण्यात आली. इंग्रजी विषयाची पदवी तेवढी हाती पडली. तिने न्यायालयात दाद मागितली. २००८ च्या अखेरीस निकाल लागला, तो तिच्या विरुद्ध. सराव करणारी विद्यार्थिनी ही शाळेपुरती शिक्षिकाच समजावी लागेल, आणि तिने लिहिले ते लोकहिताच्या प्रश्नाविषयी नव्हते, केवळ स्वतःच्या खाजगी बाबींविषयी होते. म्हणून भाषणस्वातंत्र्याच्या घटनात्मक संरक्षणाखाली ते येत नाही, असा एकंदर निकालाचा आशय होता.

या हकीकतीत एक गोष्ट नेहमी सांगायची राहून जाते. केवळ एका छायाचित्रापायी पदवी गेली असे जगभर छापून आले. प्रत्यक्षात तिच्या अध्यापनाविषयी आणि व्यावसायिक वागणुकीविषयी परीक्षकांचे इतर प्रतिकूल शेरेही होते. पण ते शेरे आज कोणाच्या स्मरणात नाहीत. टोपी आणि पेला मात्र सर्वांच्या स्मरणात आहेत. शब्दांपेक्षा चित्र अधिक टिकते आणि सबंध माणसाची जागा ते एकटेच अडवून बसते, असा येथला खरा धडा आहे. व्हिक्टर मायर-शोनबर्गर या अभ्यासकाने २००९ साली ‘डिलीट’ या नावाचा ग्रंथ लिहिला, तेव्हा आरंभी हेच उदाहरण घेतले. मानवी व्यवहारात आजवर विसरणे हा नियम होता आणि लक्षात ठेवणे हा अपवाद. जपून ठेवायचे तर कागद, शाई, जागा, श्रम असा खर्च पडे. यंत्राने हे उलटे केले. आता ठेवून देणे फुकट झाले आहे आणि निवडून पुसणे हेच कष्टाचे, असे त्याचे प्रतिपादन आहे. त्यातील सत्यता पटण्यास मोठ्या पांडित्याची गरज नाही. ज्याच्या मोबाइलमध्ये चार हजार छायाचित्रे साठली आहेत त्याला ते एका संध्याकाळी कळते.

मजकूर पुसला म्हणजे गेला, ही समजूत तर अगदीच भाबडी. पुसण्यापूर्वी कोणी तरी पडद्याचेच छायाचित्र, ज्याला सारे स्क्रीनशॉट म्हणतात, ते काढून ठेवलेले असते. चोवीस तासांनी नाहीसे होणारे ‘स्टेटस’ही याच रीतीने चिरंजीव होते. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून संकेतस्थळांच्या प्रती काढून ठेवीत आली आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने तर ट्विटरवरील सार्वजनिक मजकूर, अगदी २००६ च्या पहिल्या दिवसापासून २०१७ च्या अखेरपर्यंतचा सरसकट, आपल्या संग्रहात घेतला होता. दुपारच्या जेवणाविषयीच्या तक्रारी एका राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन पडाव्यात, हे लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

तरीही माणसे लिहितात, आणि इतके का लिहितात याचे उत्तर माणसांच्या मूर्खपणात शोधणे अन्यायाचे होईल. पूर्वी माणसाच्या बोलण्याला भिंती होत्या. कट्ट्यावरची भाषा कट्ट्यावर राही, माजघरातली माजघरात, कचेरीतली कचेरीत. एकच माणूस मित्रांत शिवी देई, आईपुढे मान खाली घाली आणि साहेबापुढे नेमस्त बोले. त्यात ढोंग नव्हते, जागेचे भान होते. समाजमाध्यमाने या भिंती पाडून सारे एकाच चव्हाट्यावर आणून बसविले. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र अजूनही ते आठदहा मित्रच असतात. एकांतात, अंथरुणावर पडल्यापडल्या, रात्री अकरा वाजता लिहिलेला मजकूर हजारांच्या सभेत वाचला जाणार आहे असे वाटावे कसे? शिवाय वर अंगठे मोजणारे यंत्र बसलेले असते. साधे लिहिले तर चार अंगठे आणि तिखट लिहिले तर चाळीस, हा हिशेब दोन आठवड्यांत कोणालाही कळतो, आणि मग हात आपोआप तिखटाकडे वळतो.

२०१३ च्या डिसेंबरातील एक प्रसंग या भ्रमाचे उत्तम उदाहरण आहे. न्यूयॉर्कमधील एका कंपनीत जनसंपर्काचे मोठे काम पाहणारी एक तरुणी लंडनहून केपटाउनला निघाली. विमानात बसण्यापूर्वी तिने आफ्रिका आणि एड्स यांविषयी एक विनोद ट्विटरवर लिहिला. तिचे लिखाण वाचणारे लोक होते सुमारे १७०. विमान अकरा तास आकाशात होते आणि तेवढा वेळ तिचा मोबाइल बंद होता. ती उतरली तेव्हा तिचे नाव जगभर झाले होते आणि थोड्याच वेळात तिची नोकरीही गेली. आपण गोऱ्यांच्या आत्मसंतुष्टपणाची थट्टा करीत होतो, असे तिने पुढे सांगितले. तसे असेलही, पण थट्टेचा सूर आवाजात असतो, अक्षरात नसतो. आणि जिचा धंदाच लोकांपुढे काय बोलावे हे इतरांना सांगण्याचा, तिची ही गत झाली. मग विसाव्या वर्षीच्या पोराने काय करावे?

मुलांचा विषय निघालाच आहे तर हार्वर्ड विद्यापीठाचे उदाहरणही सांगावे लागेल. २०१७ साली तेथे प्रवेश मिळालेल्या काही विद्यार्थ्यांनी फेसबुकवर आपसात एक खाजगी गट केला आणि त्यात वंशद्वेषी व बीभत्स चित्रांची देवघेव चालविली. गट खाजगी होता, तरी बातमी बाहेर आलीच. निदान दहा विद्यार्थ्यांना दिलेले प्रवेश विद्यापीठाने परत घेतले. येथे ‘खाजगी’ या शब्दावर विसंबण्यात चूक झाली. ज्या गटात शंभर माणसे आहेत त्याचे कुलूप शंभर किल्ल्यांनी उघडते. व्हॉट्सअ‍ॅपवरील आपल्या नातेवाइकांचे व वर्गमित्रांचे गटही याला अपवाद नाहीत.

मराठी माणसाचा एक खास दिलासा असतो तो असा, की आपण मराठीत लिहितो, ते बंगळुरातील किंवा लंडनमधील साहेबाला काय कळणार! हा दिलासा आता उरलेला नाही. भाषांतर करणारी यंत्रे मराठी मजकूर क्षणात इंग्रजीत उतरवितात, आणि वाईट म्हणजे शिव्यांचे भाषांतर ती नीट करतात व विनोदाचे करीत नाहीत. सीमाभागातील तरुणाला हे अधिक जाणवावे. बेळगावच्या एखाद्या मुलाने भाषेच्या प्रश्नावर रागाच्या भरात दुसऱ्या भाषिकांविषयी चार जळजळीत ओळी लिहिल्या, आणि दोन वर्षांनी बंगळुरातील कंपनीत ज्याच्यापुढे तो बसला त्याची मातृभाषा तीच निघाली, तर तेथे काय घडेल हे सांगण्यास ज्योतिषी नको. हीच गोष्ट उलट्या दिशेनेही तितकीच खरी आहे. आपल्या भाषेच्या हक्कासाठी लिहू नये असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. हक्काची मागणी आणि समोरच्याची आईबहीण काढणे यांतला फरक मुलाखत घेणाऱ्यालाही कळतो, आणि बहुधा लिहिणाऱ्यालाही कळत असतो.

आतापर्यंत सांगितलेल्या उदाहरणांत थोडा तरी दोष लिहिणाऱ्याकडे होता. परंतु निर्दोष मजकूरही माणसाला नोकरीपासून दूर ठेवू शकतो, आणि हा भाग अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी काल्पनिक उमेदवारांचे अर्ज चार हजारांहून अधिक मालकांकडे पाठविले. अर्जातील शिक्षण आणि अनुभव सारखाच; फक्त उमेदवाराच्या समाजमाध्यमाच्या पानावरून एक ख्रिस्ती आहे व दुसरा मुसलमान आहे असे कळावे अशी योजना केली. अर्जात धर्माचा उल्लेखही नव्हता. देशभराचा एकत्रित हिशेब घेता फारसा फरक आढळला नाही. परंतु रिपब्लिकन पक्षाचा जोर असलेल्या भागांत मुसलमान उमेदवाराला मुलाखतीची बोलावणी कमी आली. त्या उमेदवाराने कोणाला शिवी दिली नव्हती, कोणाची निंदा केली नव्हती. आपण कोण आहोत एवढेच त्याच्या पानावर दिसत होते.

हाच न्याय आजारपणाला, गर्भारपणाला, कर्जाला आणि घरच्या अडचणींना लागू होतो. मुलाखतीत ‘आपल्याला मूल होणार आहे काय’ असे विचारणे असभ्य समजले जाते, आणि समंजस मालक ते विचारीतही नाही. पण उमेदवाराने स्वतःच डोहाळजेवणाची छायाचित्रे सर्वांसाठी खुली ठेवली असतील, तर विचारण्याची गरजच राहत नाही. नैराश्यातून बाहेर पडलेल्या एखाद्या तरुणाने इतरांना धीर यावा म्हणून आपली हकीकत मनमोकळेपणाने लिहिली, तर ते सत्कृत्यच होय. आणि त्याच सत्कृत्यामुळे त्याचा अर्ज मुकाट्याने बाजूला ठेवला जाऊ शकतो. त्याला पत्र येते ते एवढेच, की दुसरा उमेदवार अधिक योग्य वाटला. नकाराचे खरे कारण सहसा कळविले जात नाही, म्हणून आपल्यावर अन्याय झाला की नाही हेही त्याला कधी कळत नाही. ओल लागलेली भिंत निदान दिसते तरी. ही ओल दिसतही नाही.

स्पष्ट न लिहिलेलेही वाचता येते, हे आणखी एक. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अमेरिकेतील ५८ हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी फेसबुकवर काय काय पसंत केले याचा अभ्यास झाला. केवळ या अंगठ्यांवरून माणूस डेमोक्रॅटिक पक्षाचा की रिपब्लिकन पक्षाचा हे शंभरांपैकी ८५ वेळा बरोबर ओळखता आले. एकही वाक्य न लिहिता माणूस आपले मत सांगून बसतो ते असे.

कायदा यात कितपत आधार देतो? समाजमाध्यमावरील लिखाणाबद्दल सरसकट तुरुंगात टाकू पाहणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. २०१७ साली त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. हे दोन्ही निकाल मोलाचे खरे. परंतु पोलिसाने पकडू नये आणि मालकाने नोकरी द्यावी, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्या कायद्यात आपली माहिती दुरुस्त करण्याचा व पुसून घेण्याचा हक्क आहे. मात्र तिसऱ्या कलमात एक वाक्य आहे ते प्रत्येक तरुणाने वाचावे असे आहे. जी माहिती माणसाने आपण होऊन सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागू होत नाही. आणि याचे उदाहरण म्हणून कायद्यानेच समाजमाध्यमावर आपली माहिती उघड करणारी व्यक्ती दिली आहे. दार आपणच उघडे टाकले तर पहारेकरी जबाबदार नाही, असा तो व्यवहार.

परदेशी जाणाऱ्यांच्या बाबतीत तर प्रश्न मालकापाशीही थांबत नाही. २०१९ पासून अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात मागील पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे मागितली जाऊ लागली. जून २०२५ मध्ये विद्यार्थ्यांना आणि त्याच वर्षीच्या १५ डिसेंबरपासून एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जदारांना व त्यांच्या कुटुंबीयांना, आपली खाती तपासणीसाठी सर्वांना खुली ठेवावीत, अशी सूचना झाली. हैदराबाद, इंदूर, बडोदे येथून संगणकाच्या कामासाठी तिकडे जाणाऱ्या मराठी मुलांची संख्या लहान नाही. कुलूप लावून ठेवलेली पेटीही अधिकाऱ्यापुढे उघडावी लागेल, हे धरूनच तीत काय ठेवायचे ते त्यांना ठरवावे लागते.

यावर कोणी सुचवील की मग या माध्यमांवर पाऊलच ठेवू नये. हा उपायही आता सरळ राहिलेला नाही. वर सांगितलेल्या २०१८ च्या पाहणीत जवळजवळ निम्म्या मालकांनी असेही सांगितले, की ज्या उमेदवाराचा कोठेच मागमूस लागत नाही त्याला मुलाखतीस बोलावण्याचा आपला कल कमी असतो. चित्रकाराने आपली चित्रे, शिक्षिकेने आपल्या प्रयोगशाळेतील उपकरणे, सुताराने आपले काम लोकांपुढे ठेवल्याने नोकऱ्या मिळाल्याचीही उदाहरणे पुष्कळ आहेत. तेव्हा बोलायचे की मौन धरायचे असा हा प्रश्न नाही. कोणते बोलणे कोणत्या खोलीत, एवढाच आहे. व्यवहारात त्याची सुरुवात अगदी साधी असते. आपलेच नाव, गावाच्या नावासह आणि गावाशिवाय, दुसऱ्याच्या मोबाइलवरून शोधून पाहावे. जुन्या, विसरलेल्या खात्यांचा तपास करावा. आपला मजकूर कोणाला दिसतो हे ठरविण्याची सोय सर्व माध्यमांत आहे, ती बहुतेकांनी एकदाही उघडलेली नसते. मित्रांनी आपले नाव जोडून टाकलेली छायाचित्रे वेगळी पाहावी लागतात, कारण ती आपल्या पानावर नसून त्यांच्या पानावर असतात. आणि नोकरीतील साहेबाविषयी, गिऱ्हाइकाविषयी किंवा कारखान्यातील कामाविषयी रात्री लिहावेसे वाटले, तर ते वहीत लिहावे. नेमणूकपत्राचे व कचेरीच्या ओळखपत्राचे छायाचित्र आनंदाने सर्वांना दाखविण्याची जी नवी पद्धत पडली आहे, तीही बरी नव्हे. पगाराचा आकडा आणि ओळखपत्राची नक्कल करण्याची सोय दोन्ही त्यातून बाहेर जातात.

आईबापांनीही थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. मुलाच्या बारशापासून दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत, मधल्या आजारपणांसह, सारे काही आईबापांनीच जगापुढे ठेवलेले असते. ज्या मुलाला अजून लिहिता येत नाही त्याच्या दाखल्याची पहिली पाने दुसऱ्याच्या हस्ताक्षरात भरून गेलेली असतात.

उरला प्रश्न नोकरी देणाऱ्यांचा. आणि त्यांना या विवेचनातून मोकळे सोडणे योग्य होणार नाही. स्पेनमध्ये मारिओ कोस्तेखा गोन्सालेस या गृहस्थांच्या घराच्या लिलावाची जाहिरात १९९८ साली एका वृत्तपत्रात आली होती. देणे केव्हाच फिटले. पण शोधयंत्रात त्यांचे नाव टाकले की तीच जाहिरात पुढे येई. युरोपीय न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि ‘विसरले जाण्याचा हक्क’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. (विसरले जावे म्हणून झगडलेल्या या गृहस्थांचे नाव आता कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ आहे, हा दैवाचा खेळ.) अमेरिकेत, जेथे हे चाळणे सर्वांत आधी सुरू झाले, तेथेच मेरिलँड राज्याने २०१२ साली उमेदवाराकडून त्याच्या खात्याचा परवलीचा शब्द मागण्यास मालकांना बंदी केली. बाहेरच्या संस्थेकडून उमेदवाराची तपासणी करून घ्यावयाची तर त्याची लेखी संमती घेतली पाहिजे, आणि त्या अहवालावरून नाकारावयाचे असेल तर अहवालाची प्रत त्याला आधी दाखविली पाहिजे, असाही तेथे कायदा आहे. आपल्याकडील कंपन्यांनी कायद्याची वाट न पाहता एवढे पाळण्यास काहीच हरकत नाही. ज्याच्यावर ठपका ठेवायचा त्याला तो ऐकवावा, हा न्याय शाळेतल्या वर्गातही चालतो.

आणि ठपका खरा ठरला तरी पुढे काय करावे, याचे एक उदाहरण क्रिकेटच्या मैदानावरचे आहे. २ जून २०२१ रोजी लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध ऑली रॉबिन्सन या गोलंदाजाने इंग्लंडकडून पहिला कसोटी सामना खेळण्यास सुरुवात केली. त्याच दिवशी, तो अठरा-एकोणीस वर्षांचा असताना ट्विटरवर लिहिलेला वंशद्वेषी आणि स्त्रियांविषयीचा हीन मजकूर कोणी तरी वर काढला. संध्याकाळी खेळ संपल्यावर त्याने कॅमेऱ्यापुढे येऊन, कोणतीही सबब न सांगता, क्षमा मागितली. त्या सामन्यात त्याने सात गडी बाद केले आणि ४२ धावाही काढल्या. तरीही मंडळाने त्याला पुढच्या सामन्यातून वगळले. रीतसर चौकशी झाली. आठ सामन्यांची बंदी आणि ३,२०० पौंड दंड अशी शिक्षा ठरली. त्यांतील पाच सामन्यांची बंदी दोन वर्षांसाठी स्थगित ठेवण्यात आली आणि उरलेले तीन सामने तो तोवर बाहेर बसलाच होता. शिक्षा झाली, तिला मर्यादा होती, आणि ती संपली. ऑगस्टमध्ये भारतीय संघ इंग्लंडमध्ये असताना तो परत संघात आला. लीड्सच्या कसोटीत दुसऱ्या डावात ६५ धावांत पाच गडी बाद करून त्याने भारताचा डाव गुंडाळला, आणि सामन्याचा मानकरी म्हणून त्याचेच नाव पुकारण्यात आले.